चेहरा हवा, ओळख नको

बँकेच्या गृहकर्जाच्या पत्रकावर एक कुटुंब असते. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. चौघांचे कपडे नुकतेच इस्त्री केलेले, चौघांचे दात सरळ, आणि चौघेही एकाच वेळी चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी बघून हसत असतात. सोफ्यावर कोणी मांडी घालून बसलेले नाही, भिंतीवर कालनिर्णय नाही, खिडकीला वाळत घातलेला टॉवेल नाही, आजी तर नाहीच. हेच कुटुंब पुढच्या महिन्यात आयुर्विम्याच्या फलकावर भेटते, मग दंतवैद्याच्या दवाखान्यात, मग वॉटर प्युरिफायरच्या खोक्यावर. इतक्या ठिकाणी कामाला जाणाऱ्या या माणसांना आडनाव नाही, गाव नाही आणि एकही नातेवाईक नाही. ती येतात स्टॉक फोटो एजन्सीतून: शटरस्टॉक, गेटी, आयस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी अशा दुकानांतून. जगभरचे फोटोग्राफर तिथे आपले फोटो पाठवतात, परीक्षक ते तपासतात, पास झालेले विक्रीला लागतात आणि नापास झालेल्यांना कारणाची एक ओळ येते. त्या ओळीने दुखावलेल्या मंडळींचा समज पक्का आहे की हे परीक्षक लहरी असतात. सकाळी एक नाकारतात आणि संध्याकाळी तसलेच दुसरे घेतात. माझे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे. त्यांच्याइतकी सुसंगत माणसे या धंद्यात दुसरी नसतील. नकाराची कारणे दिसायला वीस-पंचवीस असली तरी त्यांच्या तळाशी तक्रार एकच असते: फोटोत काहीतरी खरे शिल्लक राहिले आहे.

आधी तांत्रिक कारणे घेऊ, कारण नकाराच्या पत्रात तीच जास्त मिरवतात. फोकस हवा तिथे नाही. सावलीत नॉइज आहे, म्हणजे रंगीत रवा दिसतो आहे. फांदीच्या कडेला जांभळी किनार आली आहे. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका आभाळात तसाच राहिला आहे. हे दोष शोधायचे तर फोटो शंभर टक्के मोठा करायचा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर ठेवायचा. २४ मेगापिक्सेलचा फोटो साध्या फुल एचडी पडद्यावर असा उघडला तर एका वेळी त्याचा जेमतेम बारावा हिस्सा दिसतो. तेव्हा परीक्षकाने फोटो पाहिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याने फोटोचा बारावा हिस्सा बारा वेळा पाहिला. विकत घेणारा मात्र तोच फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून मोबाइलवर पाठवतो आणि त्यावर आडवे ‘शुभ दीपावली’ लिहितो. शटरस्टॉकवर कित्येक वर्षे प्रवेशपरीक्षाच होती: दहा फोटो पाठवायचे आणि त्यांतले सात पास व्हायचे. आपल्या बोर्डाला ३५ टक्के पुरतात, इथे ७० लागत. पुढे ही अट दहात एक इतकी खाली आली, त्यावरून आधीच्या सातांत किती तथ्य होते ते ज्याने त्याने ठरवावे. अलामीची रीत निराळी. पाठवलेल्या गठ्ठ्यातले काही नमुने तपासायचे आणि त्यांतला एक जरी नापास झाला तरी सगळा गठ्ठा परत.

पण ही तांत्रिक कारणे लग्न जमवतानाच्या ‘पत्रिका जुळत नाही’सारखी आहेत. पत्रिका खरोखरच जुळत नसेलही. मात्र मुलगा कॅलिफोर्नियात असता तर ती जुळली असती, हे दोन्हीकडच्या मंडळींना माहीत असते. पुरावा त्याच दुकानात आहे. भाजीबाजाराच्या फोटोत कोथिंबिरीची जुडी किंचित फोकसबाहेर गेली तर फोटो परत येतो. अख्खा बाजारच फोकसबाहेर घालवला, भाजीवाली, गिऱ्हाईक, टोपल्या आणि पाट्या सगळे विरघळून नुसते रंगीत ठिपके उरले, तर त्याला ‘ब्लर बॅकग्राउंड’ म्हणतात आणि तो मानाने विकला जातो. या संग्रहांत धूसर मॉल आहेत, धूसर विमानतळ आहेत, रुग्णालयांचे धूसर बोळ तर मैलोगणती आहेत. धूसरपणा हाच दोष असता तर हे फोटो दोषांचे मेरुमणी ठरले असते. दोष धूसरपणाचा नव्हताच. पहिल्या फोटोतला बाजार कुठला तरी होता, दुसऱ्यातला कुठलाच नाही.

कायद्याच्या कारणांपाशी आले की हे तत्त्व अगदी उघडे पडते. फोटो जाहिरातीला विकायचा तर त्यात कुणाचे बोधचिन्ह, ट्रेडमार्क किंवा कलाकृती दिसता कामा नये. आता हा नियम घेऊन दादर स्टेशनच्या पश्चिमेला उभे राहा. दुकानांच्या पाट्या पुसाव्या लागतील. टॅक्सीवरची कंपनीची खूण, बेस्टच्या बसवरचे चिन्ह, फूलवाल्याच्या छत्रीवरची मोबाइलची जाहिरात, जाणाऱ्या बाईच्या हातातली साडीच्या दुकानाची पिशवी, सगळे पुसावे लागेल. मग नजर चौकातल्या फ्लेक्सवर जाईल. त्यावर मध्यभागी वाढदिवसाचे साहेब, वर श्रेष्ठी आणि खाली काळे चश्मे लावलेले चाळीस शुभेच्छुक. ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यामागे एक लेखी संमतिपत्र हवे, हा नियम तिथे लावला तर एका फोटोसाठी फोटोग्राफरला अख्खे मंडळ गाठावे लागेल. फोटोशॉपच्या क्लोन टूलने हे सगळे काढून टाकले की शेवटी रस्ता उरतो, आभाळ उरते आणि एक कुत्रा उरतो. हा फोटो पास होण्यासारखा आहे. फक्त तो दादरचा आहे हे कुत्र्यालाही पटवून देता येणार नाही.

इमारतींचे प्रकरण याहून रंगतदार आहे. आयफेल टॉवर उभा राहिला १८८९ साली, गुस्ताव आयफेल वारले १९२३ साली. मनोऱ्यावरचा हक्क केव्हाच संपला. दिवसा त्याचा फोटो खुशाल विका. रात्री मात्र त्यावर जी रोषणाई असते ती १९८५ सालची आहे, फ्रेंच कायद्याने ती स्वतंत्र कलाकृती धरली जाते, आणि म्हणून एजन्सीकडे रात्रीचा आयफेल परत येतो. फोटो तोच, मनोरा तोच, मध्ये फक्त सूर्य मावळला. सिडनीचे ऑपेरा हाउस, लॉस एंजेलिसच्या टेकडीवरची ‘हॉलिवूड’ ही अक्षरे, ही मंडळीही अशाच याद्यांत बसलेली आहेत. आपणही मागे नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ इमारतीचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देते, पण ट्रेडमार्क हे वेगळे खाते आहे. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ साली आपल्या इमारतीच्या रूपाचीच ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली. असे करणारी ती भारतातली पहिली इमारत. शेजारचे गेटवे ऑफ इंडिया अजून कुणी नोंदवलेले नाही. तेव्हा अपोलो बंदरावर एका चौकटीत दोन्ही घेणाऱ्याने जाहिरातीसाठी फोटो विकताना अर्ध्या फोटोची काळजी करावी.

माणसांच्या बाबतीत कसोटी अशी: फोटोतली व्यक्ती स्वतःला ओळखू शकेल काय? शकत असेल तर मॉडेल रिलीज हवे, म्हणजे तिचे सहीचे संमतिपत्र. चेहराच दिसायला हवा असे नाही. पाठमोरी आकृती, गोंदण, सावलीतला आकार, एवढ्यानेही अडू शकते. गोंदणाचे तर दुहेरी आहे, कारण हात एकाचा आणि त्यावरचे चित्र काढणारा दुसरा. दोघांच्या सह्या लागू शकतात. फोटोग्राफरने स्वतःचाच फोटो काढून पाठवला तरी सुटका नाही. त्याने स्वतःच स्वतःला लेखी परवानगी द्यायची असते, आणि अनेक नमुन्यांत साक्षीदाराच्या सहीसाठीही जागा असते. आपण आपल्याला हो म्हणालो हे तिसऱ्या माणसाने पाहिलेले बरे. हसावे तेवढे थोडे, पण या नियमाची बाजू मी घेईन. कुणाचा तरी चेहरा त्याला न विचारता मूळव्याधीच्या मलमावर छापला जाऊ नये, एवढी लाज धंद्याने राखली तर तक्रार कशाला करायची?

इथे कोणीही जाणकार मला अडवील. खऱ्या गावाला आणि खऱ्या माणसाला या दुकानांत मज्जाव कुठे आहे, तो विचारेल. त्यांच्यासाठी ‘एडिटोरियल’ हा वेगळा विभाग आहे. बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी फोटो विकायचा तर पाट्या चालतात, गर्दी चालते, संमतिपत्रही लागत नाही. हे खरे आहे, आणि माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला शोधूनही सापडला नसता. शटरस्टॉकवर एडिटोरियल फोटोची ओळ सुरूच व्हावी लागते शहर, देश आणि तारीख यांनी. ही तारीख विसरली तर फोटो नापास. जाहिरातीच्या विभागात मात्र फोटोला ना शहर लागते ना तारीख. एडिटोरियल फोटोत काही पुसले तर ती लबाडी. जाहिरातीच्या फोटोत पुसले नाही तर तो निष्काळजीपणा. म्हणजे एकाच क्लोन टूलचा वापर एका खिडकीवर गुन्हा आहे आणि शेजारच्या खिडकीवर अट आहे. आणि पैसे? मोठी मागणी जाहिरातीची, पत्रकांची, पॅकिंगची. म्हणून वास्तवाला या दुकानात जागा आहे, पण ती मागच्या बाजूला, गाव-तारखेची चिठ्ठी गळ्यात अडकवून.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. थोर फोटोग्राफर या परीक्षेत नापास झाले असते, असे सांगून लोक टाळी घेतात. रॉबर्ट फ्रँक यांचे ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक आधी १९५८ साली पॅरिसमध्ये निघाले, मग अमेरिकेत. आणि तिथल्या एका फोटोग्राफीच्या मासिकाने धूसरपणा, रवा, बिघडलेला प्रकाश आणि कललेली क्षितिजे यांवर बोट ठेवून त्याची सालटी काढली. आजच्या नकारपत्राची यादी जणू तिथूनच उतरवली आहे. तरीही हा पुरावा टाळीचा आहे, कामाचा नाही. एजन्सीने आपण संग्रहालय आहोत असे कधी म्हटलेले नाही. तिच्यापुढचा प्रश्न फोटो थोर आहे का हा नसून तो कुणालाही चालेल का हा आहे. शटरस्टॉक २००३ साली सुरू झाले तेव्हा संस्थापक जॉन ऑरिंजर यांनी स्वतः काढलेले ३०,००० फोटो त्यात टाकले होते. त्यांतला किती मोठा वाटा नापास झाला असता हे विचारण्यात अर्थ नाही. परीक्षक अजून नेमायचे होते. आज त्या संग्रहात ४० कोटींच्या वर प्रतिमा आहेत. एवढ्या ढिगाऱ्यात हात घालणाऱ्या परीक्षकाकडून रसग्रहणाची अपेक्षा करणे त्याच्यावरच अन्याय आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: गिऱ्हाइकालाच रिकामा फोटो हवा असतो, मग एजन्सीला दोष का? याला उत्तम साक्षीदार म्हणजे विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी. जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या फोटोंत तिची गणना होते आणि ती मुळात स्टॉक फोटोच होती. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या सोनोमा परगण्यात गाडी थांबवून तो काढला, वेस्टलाइट या एजन्सीत ठेवला, ती बिल गेट्स यांच्या कॉर्बिसने घेतली आणि २००० साली मायक्रोसॉफ्टने त्या फोटोचे हक्क विकत घेतले. फोटोत टेकडी, गवत, आभाळ, ढग. विषय काही नाही. ‘व्यावसायिक मूल्य मर्यादित’ असे एक कारण एजन्सी काही वर्षे देत असत. त्याचा नमुना म्हणून हाच फोटो लावता आला असता. पण त्या टेकडीवर खरे तर द्राक्षमळे होते. फायलोक्सेरा या किडीने वेलींची वाट लावली, त्या उपटून टाकल्या गेल्या, म्हणून तिथे गवत माजले, आणि म्हणून ती एवढी हिरवीगार दिसली. नाशिककडच्या बागाईतदाराला हे सांगितले तर त्या हिरवळीकडे बघताना त्याच्या पोटात गोळा येईल. कोट्यवधी लोकांनी मात्र ती वर्षानुवर्षे शांतचित्ताने पाहिली, कारण फोटोच्या खाली गाव नव्हते आणि गोष्टही नव्हती. तेव्हा गिऱ्हाइकाला रिकामेपण हवे असते हे कबूल. माझा मुद्दा एवढाच आहे की ते रिकामेपण निसर्गात सापडत नाही, कुणाची तरी गोष्ट गाळूनच ते मिळते. परीक्षकाचा पगार त्या गाळणीचा आहे.

गाळण फार बारीक झाली की काय होते हेही पाहून झाले आहे. २०११ साली एका अमेरिकी संकेतस्थळाने एकटीने सॅलड खाता खाता हसणाऱ्या बायकांचे स्टॉक फोटो एकाखाली एक लावले, सोबत टीकेचा एक शब्दही नाही, आणि जग हसत सुटले. पालापाचोळा बघून इतका आनंद शेळीलाही होत नाही. अंतोनिओ गियेम या स्पॅनिश फोटोग्राफरने २०१५ साली काढलेला, प्रेयसीचा हात धरून दुसरीकडे वळून बघणारा तो तरुण २०१७ मध्ये जगभरच्या विनोदांचा धनी झाला. माणसे त्या तिघांच्या अंगावर स्वतःची नावे, पक्ष, परीक्षा आणि कर्जे लिहू लागली, म्हणजे एजन्सीने जे गाळले होते तेच लोकांनी परत भरले. हंगेरीचे निवृत्त विद्युत अभियंता अंद्राश आराटो यांचे तर अशा विनोदांवरच नाव झाले. स्टॉक फोटोंतले ते कुठे डॉक्टर, कुठे प्राध्यापक, आणि सगळीकडे तेच कसनुसे हसू. नियमाप्रमाणे पास झालेल्या त्या फोटोंत एकच गोष्ट परीक्षकाच्या नजरेतून निसटली होती: त्या हसण्यामागचा अवघडलेला खरा माणूस. लोकांनी नेमके तेवढेच उचलले.

एजन्सींना हे कळत नाही असेही नाही. गेटीने २०१४ साली ‘लीन इन’ या संस्थेबरोबर खऱ्या वाटणाऱ्या नोकरदार बायकांचा खास संग्रह केला. फ्रान्सने मॉडेलचे शरीर बारीक करून दाखवलेल्या जाहिरातींवर तसे छापणे सक्तीचे केले, तेव्हा त्याच दिवसापासून, १ ऑक्टोबर २०१७ पासून, गेटीने शरीराचा आकार बदललेले फोटो घेणे बंद केले. आता फोटोग्राफरांना मागणी येते ‘ऑथेंटिक’ क्षणांची. आई स्वयंपाकघरात हवी, केस विस्कटलेले हवेत, ओट्यावर थोडा पसारा हवा. फक्त मसाल्याच्या पाकिटावर नाव नको, फ्रिजवर कंपनी नको, भिंतीवर देवाची तसबीर असेल तर चित्रकाराचे बघून घ्या, आणि आईने सही केली आहे ना? एवढे सगळे करून तो फोटो विकला गेला तर शटरस्टॉकने २०२० साली ठरवलेला किमान मोबदला आहे दहा सेंट. म्हणजे आठ-नऊ रुपये. त्यात आईला कटिंगसुद्धा पाजता येत नाही.

आणि मग यंत्राने काढलेली चित्रे आली. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्ये ती घेणार नाही असे जाहीर केले; अडोबी स्टॉकने डिसेंबरात दार उघडले. हात-बोटांचा हिशेब चुकला तर तिथेही चित्र परत येते, पण संमतिपत्राचा प्रश्न कसा सुटला ते पाहा. अडोबीच्या अर्जात एक चौकोन असतो: चित्रातली माणसे आणि मालमत्ता काल्पनिक आहेत. त्यावर खूण करा, झाले. साक्षीदार नको, सही नको, मंडळातले चाळीस शुभेच्छुक नकोत. दोन दशके परीक्षक ज्या माणसाच्या शोधात होते, ज्याला चेहरा आहे पण तो कुणाचा नाही, ज्याच्या घरात वस्तू आहेत पण त्या कुठल्याच कंपनीच्या नाहीत, तो शेवटी सापडला, आणि नियमाप्रमाणे तो अस्तित्वात नाही. त्याला घडवायला शिकवणीही घरचीच होती. अडोबीचे फायरफ्लाय हे चित्रे काढणारे यंत्र २०२३ साली आले ते मुख्यतः अडोबी स्टॉकच्या संग्रहावर शिकून. गेटीने मात्र असेच यंत्र बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआय या कंपनीला त्याच वर्षी कोर्टात खेचले, आणि पुराव्यात अशी चित्रे होती की ज्यांत यंत्राने खेळाडूंबरोबर गेटीचा वॉटरमार्कही वेडावाकडा काढून ठेवला होता. फुटबॉलच्या मैदानावर ते अक्षर उगवतेच अशी त्या यंत्राची समजूत झाली असावी. इतरांच्या फोटोत कुणाचे चिन्ह शिल्लक नाही ना हे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या दुकानाचे स्वतःचेच चिन्ह, कुणाचीही संमती न घेता, कधी न झालेल्या सामन्याच्या चित्रात येऊन बसले.

ज्यांचे फोटो पाट्यांमुळे, गर्दीमुळे किंवा कुणाच्या तरी नातेवाइकाच्या चेहऱ्यामुळे परत आले आहेत त्यांना एक विनंती. ते पुसू नका, आणि पुढच्या वेळी पास व्हावेत म्हणून त्यांतल्या पाट्याही पुसू नका. खाली गावाचे नाव आणि तारीख लिहा. माणसांची नावे ठाऊक असतील तर तीही घाला, नसतील तर विचारून घ्या, आणि एक प्रत त्यांना नेऊन द्या. साक्षीदाराची सही लागत नाही.